आधी शॅडो बॉक्सिंग की थेट पंचिंग बॅग?

साताऱ्यात घरच्या घरी बॉक्सिंग सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो बॅग टांगायची का, हा. माझं मत ठाम आहे: पहिले दोन महिने तरी आरसाच पुरे, म्हणजे आरशासमोर हवेत ठोसे मारायचं शॅडो बॉक्सिंग.

बॅगवर ठोसा बसला की हाताला लगेच कळतं, ताकदही वाढते. पण नवख्याचं मनगट ठोसा बसताना सरळ राहत नाही आणि जड बॅगवर तेच मुरगळतं. म्हणजे हँडरॅप (मनगट-मुठीला गुंडाळायची पट्टी), ग्लोव्ह्ज आलेच. गोडोली किंवा शाहूपुरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर स्लॅबला हुक मारायला घरमालकाला विचारावं लागेल, आणि बॅगचे हादरे शेजाऱ्यांनाही जाणवतील.

शॅडो बॉक्सिंगला हात पसरून चारी दिशांना पाऊल टाकता येईल एवढी जागा बास. उजवखुऱ्यांनी डावा पाय पुढे ठेवावा, मागची टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली, मुठी गालापाशी, हाच गार्ड. पहिला आठवडा फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. हात जितक्या झपाट्यानं पुढे जातो तितक्याच झपाट्यानं गालाशी परत आला पाहिजे. नवशिक्यांचा तो खाली पडतो, आणि आरशात ते स्पष्ट दिसतं. माझ्या मते आरशाचा खरा फायदा हाच, कारण बॅगवर मारताना लक्ष बॅगकडे असतं. नंतर क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा. त्याचा जोर मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, कंबर वळते आणि मग हात जातो.

हवेत मारताना कोपर झटकून पूर्ण ताणू नका. समोर अडवणारं काही नसल्यानं सगळा झटका सांध्यावर येतो. हातात डंबेल्सही नकोत. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून तर मुळीच नको. ऑलिंपिकमधला राउंड तीन मिनिटांचा असतो. तुम्ही दोन-दोन मिनिटांचे तीन घ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती.

समोरच्याचं अंतर आणि अंगावर येणारा ठोसा यांची सवय मात्र एकट्यानं होत नाही. त्यासाठी प्रशिक्षक आणि जोडीदारच हवा.

नुसता दम वाढवायचा असेल तर अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ उत्तम. फक्त जून ते सप्टेंबर पावसात तो नेम टिकवणं अवघड. घरातल्या राउंडना पावसाची अडचण नाही. गार्ड न पडता तीनही राउंड पार पडू लागले, की बॅगचा खर्च करा.