पंचवीसची मर्यादा काढून पाहिली: ई-सायकल, चोडण ते आल्तिनो

आधी सगळे विचारतात त्याचं उत्तर देतो. हो, ई-सायकलीच्या मोटरला घातलेली ताशी 25 किलोमीटरची मर्यादा काढता येते आणि वेगही वाढतो. माझ्या सायकलीचा 30 झाला, वारा पाठीशी असला तर 31. बस्स. व्हिडिओत दिसणारे 45 वगैरे आकडे बहुतेक सायकल स्टँडवर चढवून, चाक हवेत फिरवून काढलेले असतात.

सायकल हल्ली सगळीकडे दिसते तसलीच. मागच्या चाकात 250 वॅटची गिअरवाली हब मोटर, 36 व्होल्ट 10 अँपिअर-अवरची बॅटरी, दोन्ही चाकांना केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. बदलायचे गिअर नाहीत, पुढे 44 दाती चक्र, मागे 16 दातांचं फ्रीव्हील. रोजचा रस्ता म्हणजे गोव्यातल्या चोडण बेटावरून फेरीबोटीनं रायबंदर, तिथून मांडवी नदीच्या कडेचा पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात घातलेला बांध, पणजीतलं पाटो, आणि शेवटी आल्तिनो टेकडीचा चढ.

मर्यादा असते कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डबीत. बहुतेक मॉडेलांत डिस्प्लेच्या आतल्या सेटिंगमधला तो एक आकडा असतो, काहींत कंट्रोलरची एक जादा वायर. दुकानदार विकतानाच हळू आवाजात सांगतो, "सर, हवं तर उघडून देतो." मर्यादा उघडली की मोटर स्वतःच्या हद्दीपर्यंत पळते, आणि ती हद्द ठरते वाइंडिंग (मोटरमधल्या तारेचे वेढे) आणि व्होल्टेजवर. 36 व्होल्टला माझी मोटर चाक हवेत असताना 33 दाखवते. रस्त्यावर माणूस, दप्तर आणि समोरचा वारा आला की 30. म्हणजे एवढा गाजावाजा करून हाती लागतात ते पाच किलोमीटर.

या पाचांचा उपयोग होतो तो फक्त बांधावर. सरळ, सपाट, एका बाजूला मिठागरं आणि खारफुटी. अंतर तीनेक किलोमीटर. 25 नं सव्वासात मिनिटं लागतात, 30 नं सहा. वाचलं सव्वा मिनिट, आणि ते रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघण्यात कधीच जिरलेलं असतं. आल्तिनोच्या चढावर तर काहीच फरक नाही. तिथं सायकल 25 ला पोचतच नाही, तर मर्यादा असली काय नि नसली काय! चढाला लागतो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, आणि तो करंटवर ठरतो.

बॅटरीचा हिशेब मात्र रोखठोक आहे. वाऱ्याशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. 25 चे 30 केले की ती 1.7 पट होते. पूर्वी एका चार्जिंगमध्ये जाऊन-येऊन अडीच दिवस निघायचे, उघडल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डिस्प्लेवरची बॅटरीची शेवटची कांडी लुकलुकायला लागायची. त्यात पाय काही मदत करत नाहीत. 44-16 च्या जोडीवर 25 ला पायडल मिनिटाला त्र्याहत्तरच्या आसपास फिरतं, 30 ला अठ्ठ्याऐंशीच्या. पाय नुसते भिरभिरतात, जोर लागतच नाही, आणि सगळा भार मोटरवर. व्यायामासाठी घेतली असेल त्यानं हे ध्यानात धरावं.

ब्रेकचं वेगळंच. 30 वरून थांबताना 25 च्या जवळजवळ दीडपट ऊर्जा ब्रेक-पॅडनी खायची असते. कोरड्यात जमतं. पावसाळ्यात फेरीच्या उतरणीवर शेवाळ, त्यात केबल ओली आणि गंजकी. पुढचा ब्रेक दाबला तर दोन बोटांची लिव्हर हँडलला टेकायची. पॅड दरवेळच्या निम्म्यात संपले. रंबलर (रस्त्यावरच्या खडखडत्या पट्ट्या) आणि खड्डे यांच्याबद्दल गोमंतकीयाला वेगळं सांगायला नको. मागच्या चाकाच्या तारा तुटतात त्या नेहमी हबच्या बाजूला, कारण मोटर जड आणि तारा आखूड. मर्यादा काढलेल्या काळात त्या जास्त तुटल्या.

आता आणखी वेगासाठी 48 व्होल्टवर जाणाऱ्यांसाठी. पणजीच्या मळा भागातल्या माझ्या दोस्तानं सगळं केलं: 48 ची बॅटरी, नवा 22 अँपिअरचा कंट्रोलर. (जुन्या कंट्रोलरला नुसती 48 ची बॅटरी जोडू नका. पूर्ण चार्ज झालेली 48 म्हणजे 54.6 व्होल्ट, आणि 36 वाल्यांत बऱ्याचदा 50 व्होल्टपर्यंतच सोसणारे कपॅसिटर असतात. ते फटाक्यासारखे उडतात.) त्याची सायकल 38 ला पळायची, खरंच मजा यायची. पण जादा करंटनं टॉर्क वाढला, आणि टॉर्क आर्म, म्हणजे अॅक्सलला (चाकाच्या आसाला) फिरू न देणारी पट्टी, लावायचा राहून गेला होता. एका सकाळी अॅक्सल फ्रेमच्या खाचेतच गरकन फिरला. मी ते चाक उघडताना पाहिलं. अॅक्सलमधून बाहेर येणारी केबल दोनदा पिळवटलेली, पिवळी, हिरवी आणि निळी या तीन जाड वायरींचं आवरण सोललेलं, मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणाऱ्या हॉल सेन्सरच्या बारीक वायरी तर पार तुटलेल्या. खाचेच्या अॅल्युमिनियमला अॅक्सलनं कुरतडून गोल केलं होतं. मोटर दुरुस्त झाली, फ्रेम नाही.

कायदा थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटांची (सलग तेवढा वेळ देता येणारी) ताकद 250 वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग 25 पेक्षा कमी असेल, तरच हे ‘मोटार वाहन’ ठरत नाही. बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत, हीही अट आहे. म्हणून नंबर प्लेट नाही, लायसन नाही, विमा नाही. वेग ओलांडला की ही सगळी सूट गेली. बरं, रीतसर नोंदणी करू म्हटलं तरी आरटीओ करणार नाही, कारण त्या रूपात या सायकलीला मान्यताच नाही. लायसन नसताना मोटार वाहन चालवलं तर 5000 रुपये दंड, विमा नसताना पहिल्यांदा 2000. हे परवडेल एखाद्याला. पण पाटोच्या सर्कलवर कुणाला धडक बसली तर भरपाई विमा कंपनी देत नाही, तुम्ही देता. मला सगळ्यात जड गेलं ते हे. वॉरंटीही जाते, असं दुकानदार आधी नाही, नंतर सांगतो.

फेरीवरचे खलाशी अजून विचारतात, "ही सायकल काय स्कूटर रे?" प्लेट नाही हे दाखवून मी सायकल म्हणतो, आणि आता तसं म्हणताना अडचण वाटत नाही. डिस्प्लेवर परत 25 आहे.

ज्या पैशांत 48 चा कंट्रोलर आला असता, त्यात हायड्रॉलिक ब्रेक बसवले. पावसाळ्याआधी प्रत्येक कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरा, ब्रेक लिव्हरमधला मोटर-बंद करणारा स्विच विशेषतः. माझा तो ओला होऊन अडकला आणि भर पावसात मोटरनं अख्खा बांधभर हूं की चूं केलं नाही. खाऱ्या हवेमुळे चेन दर आठवड्याला पुसावी लागते, तेल दिलं तरी. 36 ची बॅटरी 42 व्होल्टला पूर्ण भरते, चार्जर तिथं थांबतो का ते मीटर लावून बघून घ्या. माझ्याबरोबर आलेला पहिला थांबत नव्हता, तो बदलून मिळाला. सीटखालचा स्प्रिंग मात्र कंपनीनं बदलायलाच हवा.