डॉलर स्ट्रीट: सहावी ते आठवीच्या ‘देश प्रकल्पा’साठी किती कामाचं?

‘एका देशाची माहिती’ हा शाळेतला प्रकल्प बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वाटेनं जातो. ध्वज चिकटवायचा, राजधानी, चलन, भाषा, राष्ट्रीय प्राणी लिहायचा, दोन प्रेक्षणीय स्थळांची चित्रं लावायची आणि शेवटच्या पानावर नक्षीदार ‘धन्यवाद’. मुलं नेटवरून मजकूर उतरवतात, वर्गासमोर वाचून दाखवतात, आणि ऐकणाऱ्या चाळीस जणांपैकी एकालाही प्रश्न पडत नाही. ही कोंडी फोडणाऱ्या मोफत साधनांत ‘डॉलर स्ट्रीट’ हे संकेतस्थळ सगळ्यात वर ठेवावं असं आहे. मात्र त्याचा उपयोग प्रश्न पाडण्यासाठी करायचा, उत्तरं दुसरीकडे शोधायची. हे न ओळखता वापरलं तर चुकीचे निष्कर्षही तितक्याच झटपट निघतात.

हे संकेतस्थळ स्टॉकहोमच्या गॅपमाइंडर या संस्थेचं. कल्पना अ‍ॅना रोसलिंग रोन्लुंड यांची. २०१६ पासून ते सगळ्यांना खुलं आहे. छायाचित्रकारांनी जगभरातल्या घरांत जाऊन त्याच त्या वस्तूंचे फोटो काढले: चूल, अंथरूण, छप्पर, पायातल्या वहाणा, हात धुण्याची जागा, मुलांचं लाडकं खेळणं. मग घरं उत्पन्नाच्या क्रमानं एका लांब रस्त्यावर मांडली. डावीकडे सगळ्यात गरीब, उजवीकडे सगळ्यात श्रीमंत. संशोधकांसाठी २०२२ मध्ये जाहीर केलेल्या संचात ६३ देशांतली ३८ हजारांहून अधिक छायाचित्रं होती. नोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि श्रेय दिलं तर फोटो छापून वर्गात लावायलाही परवानगी आहे.

वापरायला सोपं आहे. वर तीन गोष्टी निवडता येतात: वस्तू, देश आणि उत्पन्नाची पट्टी. पट्टीची दोन टोकं सरकवून रस्त्याचा हवा तेवढाच तुकडा पाहता येतो. फोटोवर टिचकी मारली की त्या कुटुंबाची थोडक्यात ओळख येते आणि तिथून त्या घरातले बाकीचे सगळे फोटो उघडता येतात. एक बारकी पण फार उपयोगी सोय अशी की, निवड बदलली की वरचा पत्ताही बदलतो. त्यामुळे ‘चूल, ब्राझील आणि भारत’ एवढीच निवड करून तो दुवा गटाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो. मुलं इकडेतिकडे भरकटत नाहीत.

पहिल्या तासिकेला दात घासण्याच्या साधनांचं पान उघडावं. डाव्या टोकाला नुसतं बोट किंवा काडी, थोडं पुढे झिजून केस फाकलेला प्लास्टिकचा ब्रश, मग पेल्यात उभे केलेले घरच्यांचे वेगवेगळे ब्रश, आणि पार उजवीकडे विजेवर चालणारा. देशांची नावं झाकून मुलांना विचारा, हा ब्रश कुठला? अंदाज हमखास चुकतात, कारण सारख्या उत्पन्नाची घरं वेगवेगळ्या खंडांत असूनही एकमेकांसारखी दिसतात. ‘त्या देशातले लोक असे असतात’ या वाक्याला इथे पहिला धक्का बसतो. छापील धडा वाचून हे काम होत नाही.

सरावासाठी ब्राझील घ्यावा. राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास आहे, त्यामुळे आठवीत केलेलं काम दोन वर्षांनी उपयोगी पडतं. पण ‘ब्राझीलमधलं जीवन’ असा विषय देऊ नका. तो एवढा मोठा आहे की मुलं पुन्हा ध्वज आणि फुटबॉलवर येतात. गटाला एकच वस्तू द्या आणि त्या वस्तूवर एकच प्रश्न बांधायला लावा. ‘ब्राझीलमध्ये लोक काय खातात?’ हा प्रश्न कच्चा. ‘स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरतात, आणि खेड्यात व शहरात त्यात फरक आहे का?’ हा चांगला, कारण त्याला फोटो, आकडा आणि कारण असं तिन्ही लागतं.

इथे डॉलर स्ट्रीटची सगळ्यात मोठी मर्यादा समोर येते. भारतातली घरं बरीच आहेत, पण पुष्कळ देशांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तीन-चार घरांवरून वीस कोटींच्या देशाबद्दल काही म्हणता येत नाही. मुलं नेमकं तेच म्हणतात. वस्तीतलं एक दाटीवाटीचं घर दिसलं की वहीत वाक्य येतं, ‘ब्राझीलमध्ये बहुतेक लोक झोपडपट्टीत राहतात.’ याला रागावून उपयोग नाही, आकडा शोधायला लावा. ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २०.३ कोटी, आणि फावेला म्हणजे तिथल्या झोपडवस्त्यांत राहणारे सुमारे १.६४ कोटी. भागाकार मुलांनीच करावा: जेमतेम ८ टक्के. त्याच जनगणनेत शहरी लोकसंख्या ८७ टक्क्यांच्या वर आहे. आपल्या २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ३१ टक्के होती. या दोन आकड्यांतून पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो, की इतके लोक शहरांत आले कधी आणि कशामुळे. प्रत्येक गटानं निदान एक वाक्य असं तपासून, खोडून, पुन्हा लिहिलेलं दाखवावं. खोडलेलं वाक्यही वहीत राहू द्या, त्यालाच गुण द्यायचे आहेत.

दुसरी अडचण डॉलरची. प्रत्येक घराखाली महिन्याचं उत्पन्न डॉलरमध्ये दिलेलं असतं. हुशार मूल लगेच मोबाइलवर आजचा दर बघून गुणाकार करतं आणि २०० डॉलरचे सतरा-अठरा हजार रुपये काढतं. हे साफ चूक. हे डॉलर क्रयशक्तीनुसार जुळवलेले आहेत. अमेरिकेत एका डॉलरला जेवढ्या वस्तू आणि सेवा मिळतात, तेवढ्या भारतात साधारण २० ते २२ रुपयांत मिळतात, असा तो हिशेब. न्यूयॉर्कमध्ये केस कापायला लागणारे पैसे आणि पुण्यात लागणारे पैसे यांची तुलना केली की सातवीच्या मुलालाही हे कळतं. म्हणजे तिथले २०० डॉलर आपल्याकडचे चार हजारांच्या जरा वर, आणि तेही घरातल्या दर प्रौढ व्यक्तीमागे, अख्ख्या घराचे नव्हेत. शेतात पिकवून घरीच खाल्लेल्या धान्याची किंमतही त्यात धरलेली असते. हे सगळं आधी फळ्यावर लिहून ठेवलं नाही, तर सादरीकरणातला प्रत्येक आकडा चौपट फुगलेला निघतो.

काही पानं शिक्षकांनी आधी स्वतः पाहून ठेवावीत. मद्य, मासिक पाळीची साधनं, शौचालयं यांचीही पानं आहेत. शौचालयाचं पान टाळू नये. पाणी, सांडपाणी आणि आरोग्य यांवरचे सगळ्यात चांगले प्रश्न तिथूनच निघतात. पण मोठ्या पडद्यावर ते अचानक उघडलं तर वर्गात हशा पिकतो, आणि ज्या मुलाच्या घरी तसंच शौचालय आहे त्याला तो हशा लागतो. म्हणून हे पान गटात, छापील चित्रांवर करावं. आणखी एक, ‘तुमचं घर या रस्त्यावर कुठे बसेल?’ हा प्रश्न वर्गात कधीही विचारू नये. तो खूप बोधप्रद वाटतो, पण चाळीस मुलांसमोर कोणाच्याही घरची मिळकत उघडी पाडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

संकेतस्थळ मराठीत नाही. कुटुंबांच्या ओळखी इंग्रजीत वाचाव्या लागतात. वाक्यं सोपी असतात, आठवीची मुलं शब्दकोश घेऊन निभावून नेतात, सहावीला शिक्षकांनी दोन-तीन ओळखी मराठीत लिहून द्याव्यात. फोटो जड असल्यानं संगणक कक्षात एकदम दहा यंत्रांवर उघडलं की पान अडकतं. आदल्या दिवशी २४ फोटो उतरवून ए-फोर कागदावर, एका पानावर दोन असे छापले, तर १२ पानांत वर्गाचं काम होतं आणि नेटवर काहीच अडत नाही. मागच्या बाजूला देश, उत्पन्न आणि छायाचित्रकाराचं नाव लिहावं. फोटो वेगवेगळ्या वर्षांचे आहेत हेही सांगा. दहा वर्षांपूर्वीची चूल आज त्या घरात असेलच असं नाही.

नकाशा, इतिहास, हवामान, राज्यव्यवस्था यांतलं इथे काहीही मिळणार नाही. त्यासाठी मराठीतून वाचायचं तर मराठी विश्वकोश आजही पहिला आधार. देशावरच्या नोंदींत भूरचना, नद्या, हवामान, इतिहास, लोकजीवन असं सगळं ओळीनं येतं. फक्त मूळ खंड १९७६ पासून निघत गेले हे लक्षात ठेवा. चलन, लोकसंख्या आणि सरकार नव्यानं तपासावंच लागतं. ब्राझीलचं सध्याचं रेआल हे चलन १९९४ चं आणि राज्यघटना १९८८ ची, म्हणजे त्याआधी लिहिलेल्या कोणत्याही पुस्तकात या गोष्टी सापडणार नाहीत. कोकण-गोव्यातल्या शाळांना इतिहासाचा एक जवळचा धागाही मिळतो: काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं, ते पोर्तुगिजांनी गोव्यात आणलं. एखाद्या गटानं हा धागा धरला तर धरू द्या, पण त्यालाही फोटो, आकडा, कारण हा नियम लागू.

वेळेचं गणित असं. ३५ मिनिटांच्या आठ तासिका धरा. पहिली ब्रशच्या पानाला, दुसरी प्रश्न बांधायला, तिसरी-चौथी आकडे आणि वाचनाला, पाचवी मांडणीला. चाळीस मुलांचे चार-चारचे दहा गट. प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला आणि दोन मिनिटं प्रश्नांना दिली, तर गटांची ये-जा धरून एका तासिकेत चारच गट बसतात. उरलेल्या तीन तासिका त्यातच जातात. पाच गट कोंबले की प्रश्नांचा वेळ सगळ्यात आधी उडतो, आणि प्रश्नोत्तरंच तर ऐकायची असतात.

तक्त्यावर अक्षरं किमान इंचभर उंच हवीत, शीर्षक दोन इंच. शेवटचा बाक २०-२५ फुटांवर असतो आणि वहीतल्या आकाराची अक्षरं तिथून मुंग्यांसारखी दिसतात. स्लाइड असेल तर एका स्लाइडवर फोटोंची एकच जोडी आणि दहाच्या आत शब्द. प्रत्येक फोटोशेजारी तेवढ्याच उत्पन्नाच्या भारतीय घराचा फोटो लावायचा, ही अट ठेवा. तिच्यामुळे ‘बिचारे लोक’ हा सूर जातो आणि तुलना खरी होते. मुलांनी पाठ करून बोलू नये. हातात पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर पाच शब्द, बस्स. आकडा कुठून घेतला आणि कोणत्या वर्षाचा हे तोंडी सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

गुण वीसपैकी द्यावेत: प्रश्नाला ४, पुराव्याला ६, कारण समजावून सांगण्याला ५, वर्गाच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांना ५. सजावटीला शून्य ठेवा आणि हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. नाहीतर घरून पालकांनी करून दिलेला थर्माकोलचा पुतळा जिंकतो.

पाचवीच्या खाली हे साधन नको. क्रयशक्तीचा हिशेब त्या वयात झेपत नाही आणि नुसते फोटो पाहिले तर गरिबीचं प्रदर्शन उरतं. आणि देशांच्या चिठ्ठ्या टाकण्याआधी यादी एकदा तपासून घ्या. सगळे देश इथे नाहीत, आणि निदान तीन घरं असलेलाच देश गटाला द्यावा.