चुंबक चिकटलं नाही, म्हणून मी पितळ समजलो

आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचा थर्मोस्टॅटपाशी असलेला प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ज्यातून जातं तो वाकडा जोड, तडकला. इंजिनाशेजारी वर्षानुवर्षं तापून प्लास्टिक ठिसूळ होतं, त्यात नवल नाही. नवा घ्यायला गेलो. कंपनीचा २२० रुपयांना होता. दुकानदार म्हणाला, "साहेब, परत प्लास्टिक कशाला? पितळी टाका, गाडी विकेपर्यंत बघायला नको." त्याचे ६५०.

मी घुटमळलो, तसं त्यानं स्वतःच गल्ल्यातून चुंबक काढून एल्बोला लावलं. चिकटलं नाही. "लोखंड असतं तर धरलं असतं ना?" माझी शंका मिटली, आणि तिथंच मी फसलो. चुंबकानं एवढंच कळतं की वस्तू लोखंडाची नाही. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही, हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं.

सात महिन्यांनी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात बॉनेटमधून वाफा निघाल्या. मागे आई बसली होती. होज (रबरी नळी) बसतो ते एल्बोचं तोंड आतून खाल्लं जाऊन तुटलं होतं. कूलंट वाहून गेलं, इंजिन तापलं, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, त्याच्या खालचं पॅकिंग) गेलं, हेड फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) द्यावं लागलं. एकूण १६,४०० रुपये.

मिस्त्रींनी तुटक्या एल्बोवर कानस मारली. वर पिवळा मुलामा, खाली करडा धातू. तरी मनाची खात्री होईना. घरी दोन्ही तुकडे वजनकाट्यावर ठेवले, १७२ ग्रॅम. मापाच्या पेल्यात बुडवले, पाणी २६ मिलिलिटर चढलं. म्हणजे दर मिलिलिटरला ६.६ ग्रॅम. पितळ साडेआठच्या आसपास भरतं, म्हणजे हे पितळ नव्हेच, जस्ताचा मिश्रधातू. इंजिनात कूलंट ९० अंशांच्या घरात आणि दाबाखाली फिरतं. तिथं जस्त टिकायचं कसं?

होज आवळायला "स्टेनलेस" म्हणून दिलेल्या क्लिपांचीही तीच तऱ्हा. पट्टी चकचकीत, स्क्रू मात्र गंजून जाम झालेला.

तुकडे घेऊन दुकानात गेलो. "हा आमचा माल नाहीच." माझ्याकडे बिल नव्हतं. पक्कं बिल मागितलं की कर लागेल असं तो म्हणाला होता, आणि मी मान डोलावली होती.

पितळी एल्बो घेणार असाल तर पैसे देण्याआधी, होजखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर कानशीचा एक ओरखडा मारायला सांगा. आतही पिवळाच दिसला पाहिजे. दुकानदार नको म्हणाला तर तो एल्बो घेऊ नका. बिलावर 'पितळ' हा शब्द लिहून घ्या. माझ्या गाडीला आता कंपनीचा प्लास्टिकचाच एल्बो आहे, २२० रुपयांचा, पक्क्या बिलासह.