सात महिने गुळवेल घेतल्यानंतर: शिंका कमी झाल्या, एसजीपीटी वाढला

फेब्रुवारीत ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझा एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारा घटक, ११८ आला, बराच वाढलेला. दारूचा थेंब घेत नाही, कावीळ कधी झाली नाही, सोनोग्राफी स्वच्छ. ए, बी, सी, ई या काविळींच्या चाचण्याही निगेटिव्ह. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय घेता?" मी म्हटलं, काही नाही. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, त्या गुळवेलीच्या गोळ्या?" सात महिने रोज घेत होतो, तरी मला ते औषध वाटलंच नव्हतं.

आषाढात सुरुवात केली ती शिंकांसाठी. सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं. ॲलर्जीच्या सेटिरिझिन गोळीने झोप येते आणि मला सकाळी गाडी चालवायची असते. साठ गोळ्यांची बाटली १८० रुपयांना, दिवसाला दोन, म्हणजे महिन्याचा खर्च १८०. नवरात्रापर्यंत शिंका पाच-सहावर आल्या. तेव्हा मी इथे या गोळ्यांना साडेचार तारे दिले होते आणि दोन मित्रांनाही घ्यायला लावलं होतं. त्या दोघांना आता फोन करून रक्त तपासून घ्यायला सांगितलंय.

ते तारे निव्वळ भाबडेपणाने दिले नव्हते. नागपूरच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेली, ७५ रुग्णांवरची आठ आठवड्यांची चाचणी मी वाचली होती. काहींना गुळवेल, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. गुळवेल घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांच्या शिंका पूर्ण थांबल्या. आकडा मोठा आहे, पण ७५ माणसं आणि दोन महिने एवढ्यावर सात महिन्यांच्या सुरक्षिततेबद्दल काहीच कळत नाही, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. शिवाय पाऊस ओसरला की माझ्या शिंका दरवर्षीच कमी होतात. डायरी काढून पाहिली, मागच्या वर्षीही नवरात्रात सात-आठच होत्या.

चौथ्या महिन्यात पैसे वाचवायचे म्हणून शेजारच्या काकांच्या कडुनिंबावरची वेल आणली आणि बोटभर खोडाचा काढा सुरू केला. दोन महिन्यांनी कडवटपणा सोसेना, म्हणून पुन्हा गोळ्या. आता यकृताला कशाचा त्रास झाला, गोळीचा की काढ्याचा, हे सांगायला मार्ग नाही. ही चूक माझी.

पण लेबलची चूक माझी नाही, आणि माझा खरा राग तिथेच आहे. लेबलवर फक्त 'गुळवेल ५०० मिग्रॅ'. हे वाळवलेल्या खोडाचं चूर्ण आहे की घन? घन म्हणजे काढा आटवून केलेला. कित्येक ग्रॅम खोडाचा अर्क एका गोळीत मावतो. दोन्ही ५०० मिग्रॅच, पण पोटात जाणारं प्रमाण कितीतरी पटींनी वेगळं! वनस्पतीचं शास्त्रीय नावही नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी (म्हणजे खऱ्या गुळवेलीऐवजी) तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा घेतली गेली असू शकते. मग बाटलीत कोणती आहे हे छापायला नको? ग्राहक सेवेला चार फोन केले. तीनदा उत्तर आलं, "सर, शंभर टक्के नैसर्गिक आहे." चौथ्यांदा बाटली बदलून द्यायला तयार झाले. मला बाटली नको होती, उत्तर हवं होतं.

नंतर आणखी वाचलं आणि मत पुन्हा बदललं. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेल्या ४३ रुग्णांची नोंद केली. बहुतेकांचं चित्र स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला केल्यासारखं होतं. आणि याच मुंबईत, १९९३ साली, केईएम रुग्णालयाच्या डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. निर्मला रेगे यांच्या गटाने हीच गुळवेल पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या रुग्णांना दिली होती. एकूण ३० रुग्ण. गुळवेल न दिलेल्यांपैकी निम्म्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, दिलेल्यांत एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचं प्रमाण ४० टक्के विरुद्ध ९२.४ टक्के. मी हे दोनदा वाचलं. म्हणजे ही वेल थोतांड नाही. प्रतिकारशक्ती चेतवते, आणि ज्याची आधीच ढासळली आहे त्याला त्याचाच आधार मिळतो. माझ्यासारख्या धडधाकट माणसाने तीच शक्ती सात महिने रोज कशासाठी चेतवत ठेवायची होती? केईएममध्ये निदान रुग्णावर डॉक्टरांची नजर होती. माझ्यावर कुणाची?

गोळ्या बंद करून सहा आठवडे झाले, एसजीपीटी ३६ वर आला. बंद केल्यावर उतरला म्हणून संशय बळावतो, पण शंभर टक्के खात्रीने सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. शिंका सध्या आठ-दहा, नाकात मारायचा स्प्रे सुरू आहे, तो गोळ्यांपेक्षा महाग पडतो.

साडेचारचे दोन तारे करतोय. चूर्ण की घन, कोणती प्रजाती, कोणता भाग, हे तीन प्रश्न कंपनीला मेलवरही विचारले, उत्तर नाही. डॉक्टरांनी पुढच्या वेळी बाटली घेऊन यायला सांगितलंय. तिच्यात बावीस गोळ्या शिल्लक आहेत.