जुलाबानंतरचा आयबीएस: प्रोबायोटिक, रिफॅक्सिमिन आणि इसबगोल वापरून झाल्यावर

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, तपासण्यांत काही सापडत नाही पण पोट बिघडतच राहतं. लक्षणं सांगत बसत नाही, ज्यांना आहे त्यांना ठाऊक आहेत. माझं गेल्या पावसाळ्यात एका लग्नाच्या जेवणानंतर सुरू झालं. ताप उतरला, जुलाब थांबले, पण जेवून उठलं की कळ येऊन धावायचं, हे काही थांबलं नाही. डॉक्टरांनी जिआर्डिया, सिलिअ‍ॅक, थायरॉइड, मलातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं) सगळं तपासून घेतलं. सगळं नॉर्मल. मग कागदावर लिहिलं, ‘पोस्ट-इन्फेक्शस आयबीएस’. पोटाचा संसर्ग झालेल्या दहांपैकी साधारण एकाला हे होतं म्हणे. जंतू निघून जातात, पण आतड्याच्या अस्तरात सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशी वाढलेल्या राहतात आणि जिवाणूंची घडी विस्कटलेली राहते.

लिहायला बसले ते मात्र केमिस्टमुळे. प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटासाठी चांगल्या जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूलचा, न उघडलेला डबा त्याने परत घेतला नाही. ‘फ्रीजचा माल आहे, मॅडम, परत होत नाही.’ बरं, तोच डबा मी नेला तेव्हा त्याच्या काउंटरवर उन्हात पडलेला होता, तेव्हा फ्रीज कुठे गेला होता?

तर प्रोबायोटिक. एक कॅप्सूल पंचवीस-तीस रुपयांना, रोज दोन. डब्यावर मोठ्या अक्षरात अब्जावधी जिवाणूंचा आकडा, आणि नावं मात्र अर्धवट. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस’ लिहिणं म्हणजे फळवाल्याने ‘आंबा’ अशी पाटी लावणं. हापूस की रायवळ ते घरी गेल्यावर कळणार. परिणाम स्ट्रेनवर, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या वाणावर ठरतो, म्हणून मी कंपनीला मेल करून स्ट्रेन नंबर विचारला. उत्तर आलं, ‘आमचे उत्पादन उच्च दर्जाचे असून जेवणानंतर घ्यावे.’ परत विचारलं. ‘कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.’ डॉक्टरांना विचारलं तर ते हसले.

आणि त्या अब्जांचं कौतुक कशाला? बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस 35624 या स्ट्रेनची 2006 मध्ये 362 बायकांवर चाचणी झाली. तीन डोस दिले. उपयोग झाला तो दहा कोटींच्या डोसचा. हजार कोटींचा डोस फुकट गेला, कारण कॅप्सूलमधल्या पावडरीचा डिंकासारखा गोळा होऊन ती नीट विरघळतच नव्हती! तेव्हापासून मी डब्यावरचा मोठा आकडा वाचत नाही, छोटी अक्षरं वाचते. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये सांगून टाकलं की आयबीएससाठी प्रोबायोटिक द्यायची ती फक्त संशोधनाच्या चाचण्यांत. मला गॅस थोडा कमी वाटला, तोही बहुधा पैसे गेले होते म्हणून. माझ्याकडून गुण पाचपैकी एक.

मग डॉक्टरांनी रिफॅक्सिमिन दिलं. हे प्रतिजैविक रक्तात जवळजवळ उतरतच नाही, आतड्यातच काम करतं. 550 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, 14 दिवस. महाग आहे. पण दुसऱ्या आठवड्यात मी बसने माहेरी गेले आणि मधल्या कुठल्याच स्टँडवर उतरावं लागलं नाही. पाचपैकी पाच!

वरचं सगळं मार्चमधलं. आता जून आहे आणि ते पाच मी तीनवर आणतेय. एप्रिलअखेर पोट पुन्हा फुगायला लागलं. मग शोधून वाचलं. 2011 च्या मोठ्या चाचण्यांत रिफॅक्सिमिनने आराम पडला 40.7 टक्के लोकांना, आणि खोट्या गोळीने 31.7 टक्के. म्हणजे निव्वळ औषधाची कमाई नऊ टक्के! पुढच्या चाचणीत तर ज्यांना गुण आला त्यांच्यातल्या 64 टक्क्यांना काही महिन्यांत पुन्हा त्रास झाला. कोर्स परत घेता येतो, डॉक्टर तयारही आहेत. माझं पाकीट नाही.

इसबगोल मी आधी बाजूलाच ठेवलं होतं. ते बद्धकोष्ठाचं, मला जुलाब, असा सरळ हिशेब. पण ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पातळही बांधलं जातं. नेदरलँड्समध्ये 2009 साली एका गटाला इसबगोल, एकाला गव्हाचा कोंडा आणि एकाला नुसतं तांदळाचं पीठ दिलं. इसबगोलने फायदा झाला, कोंड्याने नाही, उलट कोंडावाले बरेच जण मध्येच सोडून गेले. (शेजारच्या काकू अजून मला कोंड्याची बिस्किटं आणून देतात.) अर्ध्या चमच्यापासून सुरू करा, आठवड्याने वाढवा, वर भरपूर पाणी प्या. एकदम दोन चमचे घेतले तर पोटाचा नगारा होतो. महिन्याचा खर्च प्रोबायोटिकच्या दोन दिवसांपेक्षा थोडा जास्त. पाचपैकी साडेचार; अर्धा कापला तो त्या बुळबुळीत घोटासाठी.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाचा लो-फॉडमॅप आहार (आतड्यात नीट न पचता आंबणारी, गहू-कांदा-लसणात असतात तशी कर्बोदकं टाळायची) पूर्ण पाळणं आमच्या घरात अशक्य, पण कांदा-लसूण सोडल्याचा फरक दिसला. आणि इथे खरी गंमत कळली: लसणातला त्रासदायक फ्रुक्टॅन (त्यातलंच एक कर्बोदक) पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात तळायची, काढून टाकायची आणि त्याच तेलात आमटीला फोडणी द्यायची. वास तोच, त्रास नाही. हिंग चालतो, पण डबीवरचे घटक वाचा, बऱ्याचशा हिंगात गव्हाचं पीठ असतं. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी मला मानवते.

पुढची पायरी म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलीन सुचवलंय, 10 मिलिग्रॅम, रात्री. नैराश्याचं जुनं औषध, पण इतक्या कमी डोसात ते आतड्याच्या नसा शांत करतं, आणि 2023 मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. तोंड कोरडं पडतं, झोप येते. गोळी स्वस्त आहे, पण घाई नाही. कॅनडातल्या वॉकर्टन गावात 2000 साली नळाचं पाणी दूषित होऊन दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले. त्यांच्यावर लक्ष ठेवलं तेव्हा दोन-तीन वर्षांनी 28.3 टक्क्यांना आयबीएस होता, आठ वर्षांनी 15.4 टक्क्यांना. दिवाळीपर्यंत इसबगोलवर काढते, नाहीच जमलं तर ती गोळी सुरू करेन आणि इथेच खाली लिहीन.