बिजागरी बसलेली, बिल मात्र लॉकचं! यूकेतल्या मंडळींनो, जपून

हे मुख्यतः यूकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय, त्यातही ज्यांनी जुनं सेमी (एका बाजूनं शेजाऱ्याला चिकटलेलं) किंवा टेरेस (ओळीत एकमेकांना चिकटलेलं) घर घेतलंय आणि दारं-खिडक्या पांढऱ्या प्लास्टिकच्या, म्हणजे यूपीव्हीसी डबल ग्लेझिंगच्या आहेत त्यांनी तर वाचाच. आम्ही स्लाउला राहतो. एका 'इमर्जन्सी लॉकस्मिथ'नी आमच्याकडून ७४८ पाऊंड ८० पेन्स उकळले आणि प्रत्यक्षात काम काय होतं, तर दार खाली बसलेलं तेवढं वर उचलायचं. लॉकला काहीही झालेलं नव्हतं.

नवीन आलेल्यांसाठी आधी हे दार कसं चालतं ते सांगते, कारण ते कळलं नाही तर पुढची फसवणूक कळणार नाही. आपल्याकडे कसं, कडी आहे, कोयंडा आहे, कुलूप आहे, बिघडलं तर काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं. इथे दाराच्या कडेला वरपासून खालपर्यंत एक लांब स्टीलची पट्टी असते, तिला तीन-चार ठिकाणी हुक नाहीतर रोलर असतात, आणि हँडल वर उचललं की ते सगळे एकदम बाहेर येऊन चौकटीतल्या खाचांमध्ये बसतात, मग किल्ली फिरवायची. याला मल्टिपॉइंट लॉक म्हणतात. पट्टीच्या मधोमध, हँडलच्या मागे एक छोटी डबी असते, गिअरबॉक्स, आणि किल्ली जिथे जाते तो पितळी तुकडा म्हणजे सिलिंडर, तो वेगळाच. म्हणजे पट्टी, गिअरबॉक्स, सिलिंडर, हँडल, बिजागरी असे पाच वेगळे पार्ट, पाचही वेगवेगळे बदलता येतात. 'लॉक गेलंय' असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न हाच, की यातलं नक्की काय गेलंय?

तर आमचं दार बरेच दिवस जड झालं होतं. हँडल उचलायला जोर लागायचा, दार खांद्याने जरा वर ढकललं की लागायचं. एका संध्याकाळी लागेचना. नवरा कामासाठी एडिनबर्गला, घरात मी, मुलगा आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे, आणि पुढचं दार उघडं ठेवून झोपणार कसं? मोबाईलवर शोधलं, सगळ्यात वर जाहिरात, 'फ्रॉम ४९ पाऊंड, नो कॉल आऊट चार्ज, अर्ध्या तासात हजर', आणि नंबर पण आपल्याच भागातला दिसत होता. फोन लगेच उचलला पण पलीकडचा नुसतं "लॉकस्मिथ" म्हणाला, कंपनीचं नाव नाही. किती होतील विचारलं तर "४९ पासून पुढे, माणूस बघून सांगेल." हे नंतर कळलं की असे बरेच नंबर म्हणजे कुठेतरी दूर बसलेलं कॉल सेंटर असतं, ते काम पुढे कुणालातरी देतात आणि मधे स्वतःचा कट ठेवतात. त्यात भर म्हणजे इंग्लंडमध्ये लॉकस्मिथ व्हायला लायसन्स लागतच नाही. आज ड्रिल मशीन घेतलं, उद्यापासून लॉकस्मिथ.

जो आला त्याच्या गाडीवर नाव नाही, अंगावर टी-शर्ट. दार बंदच्या बंद ठेवून हँडल वरखाली हलवलं आणि म्हणाला मेकॅनिझम गेलंय, जुनं मॉडेल आहे, मिळत नाही, सगळं बदलावं लागेल, सिलिंडर पण आतून तुटलाय. किंमत विचारली तर "आधी उघडून बघतो". आणि मुलाला जेवायला घालायला मी आत गेले तोवर ड्रिल सुरू. आता लक्षात घ्या, दार उघडत होतं. किल्ली फिरत होती. सिलिंडर काढायचा असेल तर दाराच्या कडेला, किल्लीच्या भोकाच्या समोर एक लांब स्क्रू असतो, तो काढायचा, किल्ली थोडीशी तिरकी करायची, सिलिंडर सरकन हातात येतो. ड्रिल करतात ते किल्ली हरवलेली असते आणि दार बंद असतं तेव्हा, आणि चांगला माणूस तेव्हाही आधी न फोडता उघडायचाच प्रयत्न करतो. आमच्या उघड्या दारात उभं राहून त्यानी चालू सिलिंडर भोसकला, कार्पेटवर पितळेचा किस पडला होता तो कितीही व्हॅक्यूम केलं तरी सापडतच राहिला. ड्रिल का, तर 'ड्रिलिंग' म्हणून वेगळे पैसे लावता येतात आणि नवीन सिलिंडर घेण्यावाचून आपल्याला पर्याय उरत नाही.

बिल असं : संध्याकाळचा कॉल आऊट ८९, ड्रिलिंग १२०, हाय सिक्युरिटी सिलिंडर १४५, पूर्ण मल्टिपॉइंट मेकॅनिझम २१०, लेबर ६०, झाले ६२४, त्यावर २० टक्के व्हॅट. जाहिरातीतले ४९ कुठे गेले? तर ते म्हणे फक्त दिवसा आणि फक्त 'असेसमेंट'चे. मी वाद घातला तर शांतपणे म्हणाला ठीक आहे, नवीन सिलिंडर काढून घेऊन जातो. म्हणजे दाराला आरपार भोक, रात्रीची वेळ, आणि घरात म्हातारी माणसं. कार्ड मशीन 'चालत नाही', म्हणून बँक ट्रान्सफर, तोही कंपनीच्या नाही तर कुणा माणसाच्या नावावरच्या खात्यात. पावतीवर व्हॅट लावलाय पण व्हॅट नंबर नाही.

सासरे जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून सगळं बघत होते. ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, इंग्रजी फारसं येत नाही पण नजर पक्की. तो गेल्यावर म्हणाले, "अगं, काढलेला माल कुठाय?"

म्हटलं, "बाबा, घेऊन गेला असेल."

"काय घेऊन गेला? एवढी लांब पट्टी काढून न्यायची म्हणजे मला दिसली नसती का? त्यानं पट्टीला हातच लावला नाही. नुसतं किल्लीचं भोक बदललंय."

टॉर्च लावून बघितलं. पट्टीवरचे स्क्रू जसेच्या तसे, डोक्यातल्या खाचेत जुना पांढरा रंग आणि काळा मळ घट्ट बसलेला. ते स्क्रू काढले असते तर खाचेतला मळ स्क्रू-ड्रायव्हरनी निघालाच असता की. म्हणजे २१० पाऊंड जे लावले ती वस्तू आमच्या घरात आलीच नाही. त्याला लगेच फोन केला, उचलला नाही. नंतर नंबरच बंद. सासऱ्यांचं म्हणणं, आमच्याकडे जुना पार्ट स्टोअरला जमा केल्याशिवाय नवा मिळायचा नाही, तुम्ही इतके शिकलेले लोक जुना पार्ट मागत कसे नाही. तर आता मागते. बॉयलरवाल्याकडे पण मागते, तो जरा चमत्कारिक बघतो, बघू दे.

बरं, एवढं होऊन दार ठीक चालावं ना? आठवडाभरात पुन्हा तेच, हँडल उचलेना. मग शेजारच्या आजीबाईंनी त्यांचा नेहमीचा खिडक्या-दारं दुरुस्त करणारा माणूस दिला, साठीच्या घरातला. त्यानी आल्या आल्या काय केलं तर दार सताड उघडलं, आणि उघड्या दारात हँडल उचललं. लोण्यासारखं वर गेलं, सगळे हुक बाहेर. दार बंद करून उचललं, अडकलं. म्हणाला लॉकला काहीही झालेलं नाही, दार खाली बसलंय, हुक खाचेत बसायला हवा तो खाचेच्या खालच्या कडेवर आपटतोय.

एवढीच ती टेस्ट आहे आणि ती कुणालाही करता येते. दार उघडं ठेवून हँडल उचला. उघड्या दारात नीट चालतंय आणि बंद केल्यावरच जड होतंय, तर बहुतेक वेळा दोष बिजागरीचा किंवा दार बसल्याचा. उघड्या दारातही अडकतंय, करकरतंय, किंवा हँडल ढिलं होऊन लोंबतंय, तर मग गिअरबॉक्स बघायचा, आणि तेव्हासुद्धा पुष्कळदा फक्त गिअरबॉक्स बदलून भागतं, पूर्ण पट्टी लागत नाही. पट्टीवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, त्यावरून पार्ट शोधता येतो, आणि मूळ कंपनी बंद पडली असली तरी पुष्कळ मॉडेल्सना पर्यायी पार्ट बाजारात असतात, त्यामुळे 'मिळत नाही' यावर लगेच विश्वास ठेवू नका.

त्यानी बिजागरीवरचं प्लास्टिकचं टोपण काढलं, ॲलन की घालून दार काही मिलिमीटर वर उचललं, मग काचेभोवतीची बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, काढून काच आणि फ्रेमच्या मधे प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या सरकवल्या, खाली बिजागरीच्या बाजूला आणि वर हँडलच्या बाजूला, म्हणजे काचच तिरकी आधार देऊन दार खाली झुकू देत नाही. याला टो अँड हील म्हणतात. दारं वर्षानुवर्षं वापरून बसतातच, उन्हाळ्यात प्लास्टिक फुगतं, आणि मग लोक जोर लावून हँडल उचलत राहतात आणि त्या जोरानी खरंच कधीतरी गिअरबॉक्स तुटतो. म्हणजे जड झालंय तेव्हाच दाखवलं तर काम स्वस्तात होतं. त्यानी ६५ पाऊंड घेतले, कार्डानी, पावती मोबाईलवर. ७४८ पाऊंडचं काम म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला, फक्त इथे बंबवाल्याला आग कुठे लागलीय हे चांगलं माहीत होतं.

या साठीच्या माणसालाच नवीन 'हाय सिक्युरिटी' सिलिंडर दाखवला. तो हसला. सिलिंडर हँडलच्या पत्र्यापासून चांगला बोटाच्या पेराएवढा बाहेर आलेला, ३ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर नको असतो, कारण चोर तो बाहेर आलेला भाग पकडून मधल्या स्क्रूच्या भोकापाशी मोडतात आणि आत शिरतात. चांगल्या सिलिंडरवर काइटमार्क (इथली दर्जाची खूण) आणि तारे कोरलेले असतात, टीएस ००७ स्टँडर्डचे तीन तारे बघायचे, नाहीतर सोल्ड सिक्युअर या कुलपं तपासणाऱ्या संस्थेचा डायमंड दर्जा. आमच्यावर एकही तारा नाही, साधा दहा-पंधरा पाऊंडवाला, आणि मापही चुकीचं. तीन ताऱ्यांचा सिलिंडर मी नंतर स्वतः पन्नासच्या आसपास घेतला आणि नवऱ्यानी बसवला. माप मधल्या स्क्रूपासून दोन्ही बाजूंना वेगवेगळं घ्यायचं, ३५-४५ असं, एकूण लांबी सांगून चालत नाही.

अजून एक, तो पहिला माणूस जाता जाता वरच्या खिडक्यांकडे बघून म्हणाला होता की बिजागऱ्या गेल्यात, काचेत धुकं आलंय, पूर्ण खिडक्या बदला, माझ्या ओळखीचा फेन्सा रजिस्टर्ड आहे. फेन्सा ही २००२ पासूनची, खिडक्या-दारं बसवणाऱ्यांच्या नोंदणीची स्कीम आहे आणि ती खिडक्या-दारं बदलण्यासाठी आहे, दुरुस्तीशी तिचा संबंध नाही. काचेच्या मधे धुकं म्हणजे त्या दोन काचांच्या युनिटचं सील गेलंय, तेवढं युनिट बदलतात, फ्रेम तशीच राहते. खिडकीच्या बिजागऱ्या म्हणजे त्या सरकणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या, जोडी बहुतेक पंचवीस-तीस पाऊंडच्या आत येते, जुनी काढून लांबी आणि जाडी, म्हणजे १३ की १७ मिलिमीटर, मोजून तशीच आणायची. हँडल तर अजून सोपं.

पैशाचं काय झालं? बँक म्हणाली माणूस आला, काहीतरी काम केलं, त्यामुळे हा फ्रॉड नाही, तुमचा आपापसातला दिवाणी वाद आहे. क्रेडिट कार्डानी दिले असते तर १०० पाऊंडच्या वरच्या वस्तूला १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं सेक्शन ७५ लागू झालं असतं, म्हणजे कार्ड कंपनीकडेच पैसे मागता आले असते, डेबिट कार्डाला निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेनी पैसे परत ओढून घेणं, मागता आला असता, म्हणूनच यांची मशीन बिघडलेली असते. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे दर आधी ठरला नसेल तर वाजवीच घेता येतो आणि काम काळजीपूर्वक करावं लागतं. सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेच्या कन्झ्युमर हेल्पलाइनला ०८०८ २२३ ११३३ वर सगळं सांगितलं, ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे कौन्सिलच्या ग्राहक-फसवणूक बघणाऱ्या खात्याकडे, आपण थेट जात नाही, हेच लोक पुढे पाठवतात. फोनवरच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, स्क्रूंचे फोटो जपून ठेवा म्हणाल्या. पावतीवरचा पत्ता शोधला तर तो नुसती पत्रं घेणाऱ्या ऑफिसचा निघाला. स्मॉल क्लेमच्या, म्हणजे छोट्या रकमेच्या कोर्टातल्या दाव्याच्या, आधीचं पत्र तिथे रजिस्टर्ड पोस्टानी पाठवलंय, उत्तर नाही. कुणी दारात उभं राहून धमकावत असेल तर मात्र हेल्पलाइन वगैरे नको, सरळ ९९९.

रात्री खरंच अडकलात तर आधी होम इन्शुरन्सची पॉलिसी काढून बघा, होम इमर्जन्सी कव्हर असेल तर त्यात लॉकही असतं बऱ्याचदा. नाहीतर मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशनच्या यादीतला जवळचा माणूस बघा, आणि फोनवरच विचारा, एकूण किती, व्हॅटसकट, लेखी मेसेज करा. नाही म्हणाला तर दुसरा. आमच्या त्या साठीच्या माणसाचा नंबर इथे टाकत नाही, त्याला विचारलेलं नाहीये, स्लाउ-विंडसर-लँगलीच्या कुणाला हवा असेल तर मला मेसेज करा, पण तो रविवारी येत नाही आणि फोन दुपारी दोननंतरच उचलतो.