आण्णांची भाकरी: साधी कवळी, बटणाची कवळी की पक्के दात?

रविवारी मटण शिजलं की आमचे आण्णा सगळ्यात आधी नळी मागायचे. दोनेक वर्षांपूर्वी ते नुसता पांढरा रस्सा आणि भात घ्यायला लागले. "पीस पोरांना घाला, मला आताशा जड जातं." आम्ही ते पोटावर ढकललं. मग आईच्या लक्षात आलं की भाकरीचा पापुद्रा तेवढा खाल्ला जातो, काठ ताटाखाली सरकतात, आणि रंकाळ्यावरून फिरून आल्यावर मूठभर शेंगदाणे खायची सवयही सुटलीय. पोटाला काही झालं नव्हतं. वरचे सगळे दात आधीच काढलेले, खाली दाढ एकही नाही, पुढचे चार दात हलणारे आणि दोन सुळे तेवढे घट्ट. वय ७४.

त्याच सुमारास कागलकडच्या मावशीचीही बत्तीशी गेली. त्यामुळे या दोघांच्या निमित्तानं आम्ही बरेच दवाखाने पालथे घातले. घरात असा निर्णय घ्यायचा असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण काय विचारायचं एवढं आता कळतं.

काहीच न करणं

हाही एक पर्याय असतो, आणि बहुतेक घरांत तो न ठरवताच निवडला जातो. "आता या वयात कशाला?" हिरड्या टणक होतात, मऊ खाणं जमतं, माणूस तक्रारही करत नाही. पण ताटाकडे बघा. आधी मटण जातं, मग शेंगदाणे, मोडाची मटकी, काकडी, गाजर, पेरू. त्यांच्या जागी चहा-खारी, मऊ भात, शिरा येतो. म्हणजे प्रथिनं आणि चोथा उणा, मैदा आणि साखर अधिक. मधुमेह असेल तर हा सौदा फार महागात पडतो.

जपाननं १९८९ साली एक मोहीम काढली: वयाच्या ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात. आकडा २० का, तर साधारण तेवढे दात असले की बहुतेक सगळं नीट चावता येतं. आण्णांकडे सहा होते, त्यातले चार नावाला.

साधी कवळी

इथे एक गोष्ट आम्हाला उशिरा समजली. वरची कवळी आणि खालची कवळी हा एकच प्रश्न नाही. वरची टाळूवर पसरून बसते आणि पाण्याचा ग्लास काचेला चिकटावा तशी धरून राहते. तिच्याबद्दल तक्रार क्वचित. खालचीला मात्र घोड्याच्या नालेएवढी अरुंद जागा, मध्ये सतत हलणारी जीभ, बाजूला गालाचे स्नायू. शिवाय दात काढले की जबड्याचं हाड झिजत जातं, आणि खालचं हाड वरच्याच्या साधारण चौपट वेगानं. म्हणून "कवळी बसत नाही" असं कोणी म्हटलं की नव्वद टक्के वेळा खालचीच समजायची. (हा नव्वदचा आकडा माझ्या अंदाजाचा, शास्त्राचा नव्हे.)

चावण्याचा जोर किती येतो? पूर्ण कवळी असलेल्या माणसाचा जोर स्वतःचे दात असणाऱ्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा असतो. भाकरी रश्श्यात कुस्करली तर छान जाते. मटण नीट शिजलेलं हवं. ऊस आणि भाजलेलं कणीस विसरायचं. पुढच्या दातांनी पेरूचा लचका तोडायला गेलं की मागून कवळी उचलते, त्यामुळे फोडी करून दोन्ही बाजूंनी एकदम चावायला शिकावं लागतं. आपल्या कांदा-लसूण चटणीतला एक तीळ खालच्या कवळीखाली गेला तर काय होतं ते मावशीला विचारा. आणखी एक धोका फारसं कोणी सांगत नाही. टाळू झाकल्यामुळे गरमपणा नीट कळत नाही, कढत रस्सा थेट घशापर्यंत पोचतो. हाडाची बारीक किरचही पटकन जाणवत नाही.

मावशीला एका ठिकाणी सगळे दात काढल्यावर लगेचच कवळी करून दिली. तीन-चार महिन्यांत ती तोंडात नाचायला लागली आणि पुढे डब्यात जाऊन पडली. तशी लगेच कवळी देण्यात चूक नसते. दात काढल्यावर पहिल्या सहा महिन्यांत हाड आणि हिरडी सगळ्यात जास्त आटतात, म्हणून आतून नवं अस्तर भरून घ्यावं लागतं, एवढंच आधी सांगायला हवं होतं. ते कोणी सांगितलं नाही. तुम्ही विचारा: "अस्तर कधी, आणि त्याचे पैसे यातच धरलेत का?"

खर्च सगळ्यात कमी, काही हजारांत. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. अशा शिकवणाऱ्या संस्थांत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात, पैसे कमी लागतात, फेऱ्या जास्त होतात. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, कानाचं यंत्र यांच्याबरोबर कवळीही मोफत मिळते. तालुक्यात शिबिर लागलं तर चौकशी करा.

बटणाची कवळी

खालच्या जबड्यात पुढे, सुळ्यांच्या जागी दोन स्क्रू बसवतात आणि कवळी त्यावर शर्टाच्या टिचबटणासारखी टक्कन बसते. काढताही येते. मॉन्ट्रियलला २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं होतं की खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला हाच पहिला पर्याय सुचवावा. मावशीनं पुढे हीच बसवून घेतली, तिच्याकडे बघून मला ते पटतं. भाकरीचा काठ जातो, शेंगदाणे जातात, आणि मुख्य म्हणजे लग्नात चारचौघांत बोलताना हात तोंडाकडे जात नाही.

अडचणी? स्क्रू हाडात मुरायला साधारण तीन ते सहा महिने जातात. बटणातल्या रबरी कड्या झिजतात, अधूनमधून बदलाव्या लागतात. खर्च लाखाच्या घरात. साखर आटोक्यात हवी, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी आधी करतात. मावशीला डॉक्टरांनी मिश्री सोडल्याशिवाय हात लावणार नाही असं सांगितलं. चाळीस वर्षांची मिश्री! पहिला महिना घरात सगळ्यांनाच जड गेला. जाता जाता, मिश्री किंवा तंबाखू-चुना लावणाऱ्यांच्या तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर कवळीचा विषय बाजूला ठेवून आधी ती दाखवा.

हाडं ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याआधीच सांगा. त्यातल्या काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

आण्णांचं काय केलं

एका ठिकाणी सल्ला मिळाला, "सगळे काढून टाकू, मोकळं करू." दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सुळ्यांवर टकटक केली आणि म्हणाल्या, "हे घट्ट आहेत, कशाला काढता?" हलणारे चार काढले. दोन सुळ्यांचं रूट कॅनाल करून ते हिरडीलगत कापले आणि त्यांच्यावर कवळी बसवली. मूळ जागेवर असेपर्यंत भोवतालचं हाड टिकतं, आणि किती जोरानं चावतोय याची जाणीवही राहते, जी स्क्रूला नसते. खर्च बटणाच्या कवळीपेक्षा बराच कमी झाला. एकच अट: ती दोन मुळं रोज घासायची. नाहीतर कवळीखाली झाकून ती बघता बघता किडतात. सुळे घट्ट असतील तर हा पर्याय निघतो का, हे डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत तरी विचाराच.

पक्के दात

चार-सहा स्क्रूंवर कायमची बसवलेली बत्तीशी. चावायला सगळ्यात सरस, काढघाल नाही, खर्च बटणाच्या कितीतरी पट. पैसे आणि हाड दोन्ही असतील, वय साठीचं असेल, हात चालत असेल तर जरूर घ्या. पण हात थरथरत असेल, विसरभोळेपणा सुरू झाला असेल तर मी दोनदा विचार करीन. पक्क्या दातांखाली रोज बारीक ब्रशनं साफ करावं लागतं. उद्या ते सुनेला किंवा बाईला करावं लागलं तर निघणारी कवळी धुणं कितीतरी सोपं. पाच वर्षांनंतरचा हात कसा असेल, हा प्रश्न दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या चित्रात दिसत नाही.

निघणारी कोणतीही कवळी असली तरी रात्री काढून पाण्यात ठेवायची. जपानमध्येच ८५ च्या पुढच्या लोकांवरच्या, २०१५ साली छापून आलेल्या अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक दिसला. धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तर फुटत नाही. उकळतं पाणी नको, ती वाकते.

दात आले, पण ताट?

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. मॉन्ट्रियललाच पुढे साधी कवळी आणि बटणाची कवळी असे ज्येष्ठांचे दोन गट करून वर्षभरानं त्यांचा आहार तपासला. २०१३ साली निकाल आला: खाण्यात म्हणावा असा फरक नाही. पहिल्यांदा मला हे खोटंच वाटलं. मग आण्णांकडे बघितलं. कवळी येऊन दीड महिना झाला तरी सकाळी चहा-खारी, दुपारी आमटी-भात, रात्री दूध-भात. चावता येत होतं, पण मऊ खायची सवय जडली होती, आणि आईही सवयीनं मऊच वाढत होती.

मग मुद्दाम ताट बदललं. साठीनंतर दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं चांगली असं सांगतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टर). आण्णा ६० किलोचे, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात ६, ग्लासभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात तेवढेच. हिशेब केल्यावर कळलं की आण्णा तीसेक ग्रॅमवरच अडकलेत. खारीच्या जागी अंडं आलं. मटकी कुकरला एक शिट्टी जास्त. पहिले काही आठवडे मटणाऐवजी खिमा, मग बारीक पीस. शेंगदाण्याचा जाडसर कूट, नंतर अख्खे दाणे. काकडी आधी किसून, मग चकत्या. गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पिणं त्यांनी कधीच सोडलं नव्हतं, त्याला दात लागत नाहीत.

आता रविवारी नळी पुन्हा त्यांच्याच ताटात जाते. भाकरीचा काठ मात्र अजून अधूनमधून ताटाखाली सापडतो. विचारलं तर म्हणतात, "कवळीला काय झालं नाही, तुझ्या आईनं करपवलाय."